धुऊनही ओशट राहणारी फडकी: घरच्या कार्यशाळेतील एका जुनाट तक्रारीचे निवारण

गोव्यातील फोंडा तालुक्यात आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी एक लहानशी कार्यशाळा थाटली आहे. विहिरीचा पंप, जुनी स्कूटर, दोन सायकली आणि वाड्यावरच्या कुणाच्या ना कुणाच्या दारे-खिडक्या एवढाच तिचा पसारा आहे, तरी महिन्याकाठी तीस-चाळीस तेलकट फडकी सहज साचतात. ती टाकून देणे जिवावर येते म्हणून मी ती धुऊन पुन्हा वापरतो, आणि जवळजवळ दोन वर्षे दर खेपेला त्याच चार तक्रारी समोर उभ्या राहत होत्या. वाळलेले फडके हाताला ओशट लागे, त्याने काच पुसली की ढगाळ पट्टे उठत, पुसून ठेवलेल्या पान्यांवर आठवड्याभरात गंजाचे ठिपके दिसत, आणि पावसाळ्यात साऱ्या गठ्ठ्याला कुबट वास येई.

या काळात मी साबण बदलून पाहिला, सोडा वाढवून पाहिला, पाणी अधिक तापवून पाहिले आणि फडकी रात्रभर भिजतही ठेवली. प्रत्येक उपायाने थोडा फरक पडे आणि पुढच्या खेपेस तक्रार पुन्हा हजर होई. शेवटी ध्यानात आले ते असे, की दोष साबणात नव्हताच. इंजिनचे तेल, ग्रीस, लाकडाला लावायचे जवसाचे तेल, रंग आणि डिझेल या सगळ्यांची फडकी मी एकाच बादलीत कोंबत होतो. त्यांतील प्रत्येकाची सुटण्याची रीत निराळी आहे, काही सुटतच नाहीत आणि एक तर धोक्याचे आहे. त्यामुळे पुढील मजकुरात फडकी निवडून वेगळी करण्यालाही धुण्याइतकीच जागा दिली आहे.

आधी बाजूला काढायची फडकी

हे काम सर्वांत आधी करायचे, कारण येथे चूक झाली तर फडकेच काय, अख्खी पडवी जाते. जवसाचे तेल, टंग तेल, सागवानासाठी ‘टीक ऑइल’ या नावाने डब्यात मिळणारी मिश्रणे आणि तेलाच्या पायावर बनवलेले व्हार्निश ही सगळी पाण्यासारखी उडून वाळत नाहीत. ती हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतात आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. दाराच्या फळीवर पातळ थर पसरलेला असताना ती उष्णता हवेत निघून जाते. तेच तेल सुती फडक्यात मुरलेले असेल तर असंख्य तंतूंमुळे हवेशी त्याचा संपर्क कितीतरी पटींनी वाढतो, आणि फडके चुरगाळून ढिगात टाकले की निर्माण झालेली उष्णता आतच कोंडून राहते. तापमान चढले की क्रिया अधिक वेगाने होते, क्रिया वेगाने झाली की तापमान आणखी चढते, आणि काही तासांनी ठिणगीविना, काडीविना तो बोळा पेट घेऊ शकतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीला जी आग लागली, तिचे मूळ बाविसाव्या मजल्यावर कामगारांनी सोडून दिलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्यांत होते. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले.

हे मी वाचलेले होते आणि तरीही विसरलो होतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका जुन्या खिडकीच्या चौकटीला मी जवसाचे तेल चढवले आणि पाच-सहा फडकी दुपारी प्लॅस्टिकच्या पिंपात टाकून दिली. तिन्हीसांजेला आई मागच्या दारी आली आणि म्हणाली, ‘‘अरे, इथे काहीतरी करपल्यासारखा वास येतोय.’’ पिंपात हात घातला तर वरचे फडके थंड होते आणि मधले तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखे गरम होते. तो सगळा ऐवज अंगणात उपडा करून त्यावर दोन कळशा पाणी ओतले. त्या दिवसापासून असली फडकी काम संपता संपता कुंपणाच्या दगडी गडग्यावर एकेक सुटी पसरली जातात. दोन-तीन दिवसांत ती पापडासारखी कडक होतात आणि त्यानंतरच कचऱ्यात जातात. पावसाचे दिवस असले किंवा पसरायला जागा नसली, तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात ती पूर्ण बुडवून ठेवावीत. ती धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह मात्र धरू नये. साबणाने हे तेल पूर्ण निघत नाही आणि उरलेले तेल पुढे गरम कपड्यांच्या घडीत किंवा ड्रायरमध्ये पुन्हा तापू शकते.

डब्यावर नाव नसेल तर तेल कोणत्या जातीचे आहे हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या तुकड्यावर त्याचा पातळ थर लावून पाच-सहा दिवस उघड्यावर ठेवावा. थरावर साय धरली किंवा तो चिकट होऊन आवळत गेला, तर ते वाळणारे तेल समजावे. रसायनशास्त्रात हा गुण आयोडीन अंकाने मोजतात: जवसाच्या तेलाचा अंक १७० च्या पुढे असतो, तर खोबरेलाचा १० च्या आसपास. म्हणून आपल्याकडे घरोघरी असलेल्या खोबरेलाच्या फडक्याची ही भीती नाही. सूर्यफूल व सोयाबीन यांची तेले या दोन टोकांच्या मध्ये बसतात. लाकडी होड्यांना लावले जाणारे माशाचे तेल मात्र जवसाच्या पंगतीतले आहे, तेव्हा किनाऱ्यावर राहून होडीची डागडुजी करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. इंजिनचे तेल, ग्रीस आणि डिझेल ही खनिज तेले नेहमीच्या हवामानात अशी आपोआप तापत नाहीत. बाहेरून आग लागली तर जळतात, एवढेच.

आणखी काही फडकी धुण्याच्या वाटेला जाऊच नयेत. काजूच्या कवचातील तेल वासे आणि होड्या यांना वाळवी लागू नये म्हणून अजूनही लावले जाते. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे ते फडके पिळताना हातावर बिब्बा उतल्यासारखे फोड उठू शकतात. व्हॉल्व्ह घासण्याच्या पेस्टमधील कार्बोरंडमचे कण कितीही धुतले तरी तंतूंत अडकून राहतात आणि पुढच्या वेळी तुमच्या हाताने चकचकीत दांड्यावर ओरखडे काढतात. बॅटरीचे आम्ल, ब्रेकची धूळ आणि फायबरच्या होडीला लावायचे रेझिन व त्याचा हार्डनर यांची फडकीही याच गटात येतात. त्यांचा एकदाच वापर करावा.

सोडा टाकला, पाणी उकळले, तरी ओशटपणा का राहतो

माझ्या तक्रारीचे मुख्य उत्तर येथे सापडले. स्वयंपाकघरातील तेलकट भांडी सोड्याने लख्ख निघतात, म्हणून कार्यशाळेतील फडकीही निघतील, असा माझा समज होता. वनस्पती तेले व चरबी यांच्यावर सोड्यासारख्या अल्काची क्रिया झाली की त्यांचा काही अंश साबणात बदलतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. इंजिनचे तेल हे निव्वळ हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते आणि त्यात साबण होण्याजोगे काही नसते. सोडा कितीही वाढवला तरी त्याचा साबण बनणार नाही. त्याला तंतूंवरून सोडवून बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात तरंगते ठेवावे लागते आणि ते काम डिटर्जंटचे आहे. सोडा त्या कामात मदतनीस म्हणून उपयोगी पडतो. तोही धुण्याचा सोडा हवा. एकदा घाईत मी खाण्याचा सोडा वापरला होता. तो अगदीच सौम्य असल्याने त्याने पाणी गढूळदेखील झाले नाही. याउलट कॉस्टिक सोडा वापरण्याचा सल्ला देणारे भेटतात, तो मानू नये, कारण त्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

ग्रीसची गोष्ट याहून वेगळी आहे. आपल्याकडे बेअरिंगला सर्रास वापरले जाणारे लिथियम ग्रीस म्हणजे लिथियमच्या साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल असते. ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर गेल्याशिवाय वितळून गळत नाही, आणि पाण्याने वाहून जाऊ नये अशाच बेताने बनवलेले असते. त्यामुळे १०० अंशांवर उकळणाऱ्या पाण्यात ग्रीसचे फडके तासभर खदखदत ठेवणे म्हणजे सरपण वाया घालवणे आहे. ग्रीस आधी खरवडावे लागते, मग पातळ तेलाने सैल करावे लागते, आणि त्यानंतरच त्याची रवानगी साबणाकडे करता येते.

कापडाकडेही पाहावे. पॉलिस्टरच्या धाग्याला तेलाची ओढ असते आणि तो ते सोडत नाही. जुन्या साड्या व शर्ट यांच्यातील बरेच कापड मिश्र धाग्याचे असते, आणि वर्षभर ‘निघता निघत नाहीत’ म्हणून मी ज्यांच्यावर वैतागलो होतो, त्यांतील निम्मी फडकी अशीच निघाली. ओळख पटवण्यासाठी कोरड्या कापडाचा एक धागा चिमट्यात धरून जाळावा. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा काळा मणी बनतो. जुने पंचे, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती चादरी आणि बनियनचे होजिअरी कापड ही सर्वांत उत्तम फडकी होत. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारे ‘वेस्ट’ स्वस्त असते, पण ते सुट्या धाग्यांचे असल्याने धुतल्यावर त्याच्या गाठी होतात. ते एकदा वापरून टाकून द्यावे हेच बरे. नवे कोरे सुती कापड खळीमुळे तेल शोषत नाही, म्हणून तेही वापरण्यापूर्वी एकदा धुवावे लागते.

धुण्याची रीत

पाणी शक्य तितके उशिरा आणायचे, हा यातला मुख्य धडा मला फार उशिरा कळला. सुरुवातीला फडकी घराबाहेर जोराने झटकावीत आणि जुन्या स्पीकरचे चुंबक त्यांवरून फिरवावे. ड्रिलचा पोलादी कीस असेल तर तो उचलला जातो. पितळ आणि ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला दाद देत नाही, तो बोटांना मोजे घालून चाचपावा लागतो. त्यानंतर ग्रीसचे गोळे करवंटीच्या धारेने खरवडून काढावेत. उरलेल्या ग्रीसवर चमचाभर पातळ तेल टाकून फडके कणीक मळावी तसे मळावे. मग सगळी खनिज तेलाची फडकी लाकडाच्या कोरड्या भुशासह गोणपाटाच्या पिशवीत घालून पिशवी पाच-दहा मिनिटे तुडवावी. सुतार मेस्तांकडून भुसा फुकट मिळतो आणि फडक्यातील निम्म्याहून अधिक तेल तो पाण्याचा थेंब न वापरता ओढून घेतो. भुसा मिळाला नाही तर रद्दीत दाबूनही काम भागते.

आता कोरड्या फडक्यावरच भांड्यांचे द्रव साबण थेट ओतावे आणि हातमोजे घालून ते मुरेपर्यंत चोळावे. फडके आधी भिजवले की तंतूंच्या मधली जागा पाणी अडवते आणि साबण तेलापर्यंत पोचण्याऐवजी पाण्यातच विरघळून बसतो. कोरड्यावर लावला की तो सरळ तेलात मिसळतो. अर्धा तास तसेच ठेवून मग तांब्याभर गरम पाणी घालून मळावे. पाणी दुधासारखे पांढुरके झाले, की तेल सुटून पाण्यात मिसळू लागले असे समजावे. काळे पण पारदर्शक पाणी आले आणि वर तेलाचे डोळे तरंगले, तर साबण कमी पडला आहे.

त्यानंतरच्या बादलीत १० लिटर पाणी, सुमारे १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि मूठभर कपडे धुण्याची पावडर एवढे मी घेतो. पाणी हात घालवणार नाही इतके गरम, म्हणजे ६० अंशांच्या आसपास असावे. न्हाणीतील भाणात तापवलेले पाणी काढून आणणे सोयीचे पडते, मात्र सोडा भाणात न टाकता बादलीत टाकावा. ॲल्युमिनियमचा टोप तर या कामाला मुळीच घेऊ नये, कारण सोड्याचे पाणी त्याला खाते आणि टोप काळा पडतो. एका बादलीत डझनाहून अधिक फडकी घालू नयेत. ती तासभर ठेवून अधूनमधून दांडक्याने ढवळावीत आणि पाणी गरम असतानाच उपसून काढावीत. रात्रभर भिजवण्याची माझी सवय हीच ओशटपणाचे दुसरे मोठे कारण ठरली. पाणी निवत गेले, की त्यात तरंगणारे तेल पुन्हा एकत्र येऊन तंतूंवर जाऊन बसते, आणि सकाळी आपण फडके त्याच तेलातून ओढून बाहेर काढतो. पहिले खंगाळणेही कोमट पाण्यानेच करावे, नंतरची दोन थंड पाण्याने चालतात. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव येथे कटाक्षाने टाळावे. ते तंतूंवर स्निग्ध थर चढवते आणि फडक्याची शोषण्याची शक्ती घालवते.

घरातील कपड्यांचे यंत्र या कामाला वापरू नये. वापरलेल्या इंजिन तेलात बेअरिंगमधून झिजलेल्या धातूंचे कण आणि ज्वलनातून आलेली आरोग्याला घातक हायड्रोकार्बने असतात. ती उद्या मुलाच्या शाळेच्या सदऱ्यात जावीत असे कुणालाच वाटणार नाही. शिवाय अनेक यंत्रांच्या दाराचे रबर खनिज तेलाने फुगते. पेट्रोलचा किंवा थिनरचा वास येणारे फडके यंत्रात गेले तर मोटरच्या ठिणगीने स्फोट होण्याचीही शक्यता राहते.

हाच धागा पकडून पेट्रोलविषयी लिहितो, कारण गॅरेजमध्ये ‘पेट्रोलात बुचकळून काढ, एका मिनिटात साफ’ असे सांगणारे बरेच असतात. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या सुमारासही पेट घेण्याइतकी वाफ देते, ती वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि न्हाणीच्या चुलीपर्यंत पोचायला तिला वेळ लागत नाही. रॉकेल ज्या तापमानाला अशी वाफ देऊ लागते, ते मानकानुसार किमान ३५ अंश असते, म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. मात्र मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली दुपारी पारा किती चढतो हे ज्याने त्याने आठवून पाहावे. डिझेलने ग्रीस सुटते खरे, परंतु डिझेलचा जड भाग उडून जात नाही आणि फडके एका तेलातून निघून दुसऱ्या तेलात अडकते. ज्यांच्या फडक्यांना धुतल्यावरही उग्र वास येतो, त्यांनी कारण बहुधा येथे शोधावे.

साफ झाले की नाही, हे कसे पाहावे

रंगावर विसंबू नये. ग्रीसमधील ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम यांचा आणि इंजिनच्या काजळीचा काळा डाग जन्मभर राहतो, आणि त्या डागाने काही बिघडत नाही. पूर्ण वाळलेल्या फडक्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो लगेच शोषला गेला तर फडके साफ आहे, आणि अळवाच्या पानावर राहतो तसा गोल राहिला तर तेल शिल्लक आहे. दुसरी परीक्षा काचेची: तोंडाची वाफ सोडून काच पुसावी, पट्टे राहिले तर ते फडके काचेच्या कामाचे नाही. ते दुसऱ्या कामाला चालेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी असते.

पुसलेल्या अवजारांवर गंज

हा प्रश्न मी बराच काळ साबणाच्या माथी मारत होतो. प्रत्यक्षात माझ्याकडे कारण साधे होते: धुतलेल्या ‘कोरड्या’ फडक्यात पाने गुंडाळून मी ते खणात ठेवत असे. सूत हवेतील ओलावा सतत शोषते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबरात हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. पोलाद ६० टक्क्यांच्या पुढेच वेगाने गंजू लागते. त्या दिवसांत हाताला कोरडे लागणारे सुती फडके म्हणजे पान्याभोवती गुंडाळलेले ओलसर पांघरूण ठरते.

दिवाडी बेटावरच्या एका मित्राकडे कारण निराळे निघाले. त्याच्या विहिरीचे पाणी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतजमिनीच्या बाजूचे असल्याने उन्हाळ्यात मचूळ होते. त्या पाण्याने खंगाळलेल्या फडक्यात मीठ राहते, मीठ ओलावा ओढते आणि क्लोराइडमुळे गंज ठिपक्याठिपक्यांनी सुरू होतो. आपल्या पाण्याचे थोडे थेंब काचेवर टाकून उन्हात वाळू द्यावेत. पांढरी खपली जमली तर शेवटचे खंगाळणे पावसाच्या साठवलेल्या पाण्याने किंवा नळाच्या पाण्याने करावे. जांभ्याच्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते. तेथे ही अडचण सहसा येत नाही, उलट फेस इतका होतो की तो जाईपर्यंत खंगाळत राहावे लागते. सोडा फडक्यात राहिला तर पोलादाचे नुकसान होत नाही, पण ॲल्युमिनियमचे भाग त्याने मलूल पडतात.

दोन्ही ठिकाणी उपाय एकच लागू पडला. अवजारे पुसण्यासाठी धुतलेले फडके वापरायचेच नाही. स्वच्छ, पातळ मशीन तेलाने किंचित ओलावलेले एक फडके झाकणाच्या डब्यात कायम ठेवावे आणि प्रत्येक अवजार खणात जाण्यापूर्वी त्याने पुसावे. ज्या ओशटपणाशी मी दोन वर्षे झगडत होतो, तोच येथे कामाला आला.

पावसाळा

वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात आषाढ-श्रावणात फडकी धुणे हा हट्ट आहे. चार-चार दिवस न वाळलेल्या सुतात जिवाणू आणि बुरशी वाढते आणि तो कुबट वास पुढच्या धुण्यातही पूर्ण जात नाही. कपडे सुकत नाहीत म्हणून ते भाणाच्या चुलीवर दोरी बांधून टांगण्याची रीत घरोघरी आहे. कार्यशाळेतील फडकी तेथे कधीही टांगू नयेत. मी आता मे महिन्याच्या अखेरीस मोठे धुणे काढून साठ-सत्तर फडक्यांची बेगमी करतो. पावसात साचणारी खनिज तेलाची फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात कोरडीच ठेवतो, आणि गणपतीची चवथ आटोपून ऊन पडू लागले की पुढचे धुणे काढतो. वास आधीच धरला असेल, तर धुतल्यानंतर फडकी दहा मिनिटे पाण्यात उकळून कडक उन्हात पसरावीत. मात्र उकळण्यासाठी ती आधी तेलमुक्त झालेली असली पाहिजेत.

धुण्याचे पाणी कोठे जाते

आमच्या बहुतेक घरांत विहीर आणि शोषखड्डा यांत थोडक्याच हातांचे अंतर असते आणि मधला जांभा दगड सच्छिद्र आहे. परसात ओतलेले तेलकट पाणी माडाच्या आळ्यातून नाहीसे झाले, असे दिसते खरे. ते खाली गेलेले असते. शोषखड्ड्यात गेलेले तेल दगडांच्या फटींवर थर धरते आणि काही वर्षांनी खड्डा पाणी शोषायचा थांबतो. शेजारच्या काकांकडे तसे झाल्यावर खड्डा उपसावा लागला. म्हणूनच भुशाची पायरी मी कधी गाळत नाही. जे तेल भुशात गेले ते पाण्यात जात नाही. पहिल्या धुण्याचे पाणी बादलीत दोन दिवस झाकून ठेवावे. साबणामुळे सगळे तेल वर येत नाही, तरी वर आलेली साय रद्दी कागदाने टिपून घ्यावी आणि तळाचा काळा गाळ न ढवळता मधले पाणी विहिरीपासून दूर, झाडाझुडपांना न लागेल असे सोडावे. गाळ भुशात मिसळून वाळवावा.

वापरलेले इंजिन तेल मी डब्यात साठवून गावातल्या गॅरेजला देतो, कारण त्यांच्याकडून ते पुनर्प्रक्रियेसाठी उचलले जाते. उद्योगांच्या बाबतीत २०१६ च्या घातक कचरा नियमांनी वापरलेले तेल आणि तेलाने माखलेली सुती फडकी या दोन्हींची नोंद घातक कचऱ्यात केलेली आहे. घरच्या चार फडक्यांना कारखान्याचे नियम लागू होत नसले, तरी वस्तू तीच आहे. पंचायतीच्या गाडीत ती टाकताना ओल्या कचऱ्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये न मिसळता, वेगळ्या पिशवीत बांधून आणि उचलणाऱ्याला सांगून द्यावीत. परसात जाळणे हा पर्याय नव्हे, तो धूर आपल्याच घरात येतो.

किती वेळा धुवावे

पूर्वी मी प्रत्येक फडके प्रत्येक वेळी धुवत असे. आता ते पायरीपायरीने खाली उतरते. धुतलेले किंवा नवे फडके काच, रंगकाम आणि शेवटची पुसणी यांसाठी. पाण्याच्या थेंबाच्या परीक्षेत ते नापास झाले की सायकलच्या साखळीसाठी. तेथे काळे झाले की इंजिनखाली. आणि शेवटी ग्रीसला. ग्रीसपर्यंत गेलेले फडके मी आता फारसे धुवत नाही, कारण ते धुण्याला लागणारा साबण, पाणी आणि तास यांच्या मानाने जुन्या पंचाचा तुकडा स्वस्त पडतो. धुणे केवळ मधल्या दोन पायऱ्यांचे होते. त्यामुळे महिन्याची तीस-चाळीस फडकी बारा-पंधरावर आली आहेत आणि ती एका बादलीत मावतात. प्रत्येक पायरीचा डबा वेगळा ठेवला आहे, झाकणावर रंगाचा पट्टा ओढला आहे, आणि जवसाच्या तेलाच्या फडक्यांसाठी असलेल्या डब्यावर लाल पट्टा असून त्यात नेहमी पाणी भरलेले असते. ते पाणी दर आठवड्याला पाहावे लागते, कारण उन्हाळ्यात ते आटते.